सभासद क्रमांक सहा

विषय : हौशी छायाचित्रकार मंडळाच्या पेटीत निघणाऱ्या एका जास्तीच्या फोटोबाबत.
संदर्भ : मंडळाची नोंदवही, पान एकशे बारा ते एकशे पंधरा.

१

उपरोक्त विषयाबाबत वस्तुस्थिती खालीलप्रमाणे आहे. छत्तीस वर्षं नोकरीत मी याच वाक्याने सुरुवात करत आलो, आणि खाली लिहिलेल्या स्थितीचा वस्तूशी सहसा काही संबंध नसे. या खेपेला आहे, हीच अडचण आहे.

आमचं मंडळ पाच जणांचं. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर, दर शनिवारी दुपारी चार वाजता आम्ही जमतो आणि त्या आठवड्यात काढलेला एकेक फोटो एकमेकांना दाखवतो. खोलीत एक लांब टेबल आहे, पाच खुर्च्या आहेत, भिंतीवर हिरव्या कापडाचा फलक आहे. अध्यक्ष डॉक्टर. ते दातांचे डॉक्टर असल्यामुळे समोरच्याने तोंड उघडलं की बोलायचं आपणच, अशी त्यांना सवय आहे. टेलरमास्तर अकरा वर्षं फक्त कापडाचे फोटो काढत आले. वाळत घातलेलं, टांगलेलं, कुणी विसरून गेलेलं, कसलंही कापड त्यांना चालतं. बाई भूगोल शिकवून निवृत्त झाल्या. त्यांच्या फोटोत माणूस आलाच, तर मागच्या कड्याची उंची कळावी म्हणून येतो. चौथी आमची ही. तिला मंडळात सगळे वहिनी म्हणतात. पाच जणांत चांगले फोटो तिचेच असतात, हे मी इथे लेखी देतो. तोंडी अजून दिलेलं नाही. पाचवा मी, चिटणीस.

मध्यंतरी वर्षभर आम्ही हे सगळं मोबाईलवर करून पाहिलं. सकाळी उठल्यापासून एकमेकांना अंगठे दाखवण्यापलीकडे त्यातून काही निघालं नाही. तेव्हा पुन्हा कागदावर आलो. पद्धत अशी : फोटो पोस्टकार्डाएवढा छापायचा, मागे काही लिहायचं नाही, आणि शुक्रवारपर्यंत जिन्याखालच्या लाकडी पेटीत टाकायचा. पेटीची किल्ली एकच, माझ्याकडे. शनिवारी मी पेटी उघडतो, गठ्ठा पिसतो आणि फोटो फलकावर टाचतो. कोणाचा कुठला हे माहीत नसल्याने सगळे मोकळेपणाने नावं ठेवतात. चर्चा संपली की मी एकेका फोटोवर पट्टी ठेवून विचारतो, "कोणाचा?" ज्याचा असेल त्याने हात वर करायचा आणि तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची. कुठे उभे होतात? किती वाजले होते? समोरच्याला माहीत होतं का? उत्तरं नोंदवहीत जातात. एका सभासदाचा एकच फोटो. कागदोपत्री मंडळ यापेक्षा जास्त काही नाही.

२

त्या शनिवारी पेटीत सहा फोटो निघाले.

मला वाटलं, दोन चिकटले असतील ते सुटून आले. पुन्हा मोजले. सहा. सहाही टाचले.

त्यातला एक टेलरमास्तरांचा, हे न सांगता कळत होतं. बागेतल्या बाकावर कुणीतरी विसरलेला मफलर. त्याच्या शेजारच्या फोटोत तोच बाक होता, तोच मफलर, आणि त्यांच्यासमोर एक गुडघा टेकून बसलेले पाठमोरे टेलरमास्तर. त्यांच्या बुटांचे तळवे दिसत होते. वीसेक पावलांवरून काढलेला असावा.

"वा!" डॉक्टर म्हणाले. "मास्तर, तुमच्यावर पाळत आहे. कोण गिऱ्हाईक आहे हे? कोट वेळेवर दिला नाहीत वाटतं?"

"वेळेवर मी कधीच देत नाही, डॉक्टर," मास्तर हसत म्हणाले. "एकाच फोटोत कशी मावतील सगळी गिऱ्हाइकं?"

मी पट्टी ठेवून विचारलं, "कोणाचा?"

हात वर झाला नाही. बाईंनी हिच्याकडे पाहिलं, हिने माझ्याकडे, मी डॉक्टरांकडे.

"चिटणीस, बघता काय? मला एवढी फुरसत असती तर मी दात काढत बसलो असतो का?"

बाकीच्या पाच फोटोंचे मालक निघाले. सहावा तसाच राहिला. आता, नोंदवहीत रकाना मोकळा ठेवणं मला जमत नाही. साहेब सोडून जातील, सरकार बदलेल, पण मोकळा रकाना कुणीतरी नंतर भरतो, आणि जो भरतो तो आपल्या सोयीने भरतो. म्हणून नावाच्या रकान्यात मी लिहिलं, 'सभासद क्रमांक सहा'. तात्पुरतं. पुढचे तीन रकाने रेघ मारून बंद केले.

"म्हणजे त्याला घेतलंतसुद्धा मंडळात?" आमच्या हिने विचारलं. "वर्गणी कोण देणार?"

सगळे हसले. मीही हसलो. शाई वाळायला त्या दिवशी जरा वेळ लागला, एवढंच आठवतं.

३

पुढच्या शनिवारी पेटी उघडली तेव्हा वर कुणी आलेलं नव्हतं. पुन्हा सहा. जास्तीचा कुठला ते लगेच कळलं. वाचनालयाच्याच जिन्यात, खिडकीतून बाहेरच्या टेकडीवर कॅमेरा रोखून उभ्या असलेल्या पाठमोऱ्या बाई. अंतर दहा पावलं. जिना अरुंद आहे. दहा पावलांवर उभं राहायचं तर खालच्या वळणावर, पेटीच्या बाजूला उभं राहावं लागेल.

थट्टेला खतपाणी घालू नये, या विचाराने मी तो फोटो टाचलाच नाही. नोंदवहीच्या पानांत सरकवून दिला. रकान्यात मात्र 'सभासद क्रमांक सहा, फोटो प्राप्त' अशी नोंद केली. प्राप्त झाला होता, हे नाकारता येत नव्हतं.

पाच फोटो फलकावर गेले. त्यांत एक कोट होता, हँगरवर टांगलेला, अस्तरातून ऊन आलेलं. असा फोटो या गावात एकच माणूस काढतो.

"कोणाचा?"

टेलरमास्तर फोटोकडे मान तिरकी करून बघत होते. हात टेबलावर.

"मास्तर," डॉक्टर म्हणाले, "झोप लागली काय?"

"मला? नाही. छान आहे फोटो. कोणाचा आहे?"

"अहो, तुमचा!"

"छे," मास्तर अगदी अदबीने म्हणाले. "माझा नाही हा."

थट्टा करताना मास्तरांची डावी भुवई वर जाते. ती गेलेली नव्हती. दुसऱ्याच्या घरी बसल्यावर समोरची वस्तू आपली नाही म्हणून आपण जसं हात न लावता बघतो, तसे ते बघत होते.

बुधवारी मी बायकोची शिवण आणायच्या निमित्ताने त्यांच्या दुकानात गेलो. मास्तर कापायच्या टेबलापाशी उभे होते. पुतळ्यावर अर्धा कोट चढवलेला होता, खांद्यांवर कच्चे टाके, पाठीवर खडूच्या रेघा. यंत्रावर त्यांचा धाकटा भाऊ मान खाली घालून शिवत होता. ऐकू येणार नाही अशा बेताने तो यंत्र जास्तच जोरात चालवत असावा.

"या साहेब," मास्तर म्हणाले. "हे बघा कसं बेतलंय. हात चांगला आहे. कोणी केलंय कोण जाणे."

"दादा, तूच केलंस," भाऊ मान वर न करता म्हणाला. हे वाक्य त्याने त्या दिवशी पुष्कळदा म्हटलेलं असणार.

"मी? नाही रे," मास्तर म्हणाले, आणि पुतळ्यापासून एक पाऊल मागे सरकले. कात्री टेबलावर होती. ती त्यांनी माझ्यादेखत बोटाने जरा दूर लोटली, कुणाची तरी राहिली असेल अशी.

४

म्हातारपण असेल, म्हणून मी स्वतःची समजूत घातली. विसरायला होतं. मीही चष्मा कपाळावर ठेवून घर पालथं घालतो. पण चष्मा सापडल्यावर 'हा कोणाचा' असं मी विचारत नाही.

गुरुवारी सकाळी औषधांच्या दुकानाबाहेर बाई भेटल्या. बरोबर त्यांची थोरली बहीण होती. दोघींनी लग्नं केली नाहीत, चाळीस वर्षं एका घरात राहिल्या आणि तेवढीच वर्षं खिडकी उघडी ठेवायची की बंद यावर भांडल्या. बहिणीच्या हातात बाईंची पिशवी होती.

मी नमस्कार केला. बाईंनी मला कोपराला धरून चार पावलं बाजूला घेतलं.

"चिटणीस, एक विचारू का? तुम्हाला माहीत असेल. या कोणाबरोबर आल्यात?"

"कोण?"

"या." त्यांनी डोळ्यांनी दाखवलं. "कालपासून आहेत. माझी पिशवी घेतात, चहा करतात. स्वभावाने बऱ्या वाटतात हो, पण कुणाच्या आहेत ते कळत नाही. विचारायचं तरी कसं? अवघड वाटतं."

"बाई, त्या तुमच्या ताई आहेत."

बाईंनी ते ऐकून घेतलं. मी चुकीचं उत्तर दिलं असावं, पण वर्गासमोर अपमान नको, असा त्यांचा चेहरा झाला.

"बरं," त्या म्हणाल्या. "बघते कुणाला तरी विचारून."

थोरली बहीण तिथेच उभी होती. तिने सगळं ऐकलं असावं, कारण पिशवी ती दोन्ही हातांनी छातीशी धरून होती.

चालताना मी हिशोब केला. पैशांचा नाही, प्रसंगांचा. मास्तरांचा फोटो फलकावर लागला, त्याचा मालक मिळाला नाही, आणि मास्तर असे परके झाले. बाईंचा मी लपवला, त्यालाही मालक मिळाला नाही, आणि बाई त्याहून लवकर परक्या झाल्या. म्हणजे फोटो दाखवला काय, दडवला काय, सारखंच. दोन्ही वेळा एक गोष्ट राहून गेली होती. हात कुणीच वर केला नव्हता.

५

शनिवारपर्यंत थांबणं जमलं नाही. शुक्रवारी भर दुपारी मी जाऊन पेटी उघडली. नियमभंगच तो. चिटणीसानेच केला, म्हणून त्याची नोंद करायला कुणी नव्हतं.

सहा फोटो. जास्तीचा सगळ्यात वर होता.

आमचं स्वयंपाकघर. ओट्यापाशी पाठमोरी आमची ही, कॅमेरा डोळ्याला लावून. स्वेटरचं लेबल मानेपाशी बाहेर आलेलं होतं. ते तसं रोज येतं आणि मी रोज सांगतो. अंबाड्यातून सुटलेला एक पांढरा केस मोजता येईल एवढं जवळून काढलेलं होतं. दोन हात अंतर. जास्त नाही.

मी जिन्याच्या पायरीवर बसलो. मग दुसरा फोटो पाहिला, तो तिचा स्वतःचा होता. ओट्यावरची स्टीलची किटली. तिच्या फुगीर पोटात अख्खं स्वयंपाकघर वाकून मावलेलं. असले फोटो ती मन लावून काढते.

तेव्हा लक्षात आलं ते साधं होतं. ती किटलीचा फोटो काढत असताना मागून कुणी तिचा काढला असेल, तर तो माणूस किटलीत दिसलाच पाहिजे.

वाचनालयात बारीक अक्षरं वाचायला ठेवलेलं भिंग आहे. ते घेऊन मी खिडकीपाशी गेलो. किटलीत आधी तिचा कॅमेरा सापडला, मग तिचा खांदा, त्यामागे ओढल्यासारखं लांबट झालेलं दार. दारात कुणीतरी होतं. हातात कॅमेरा नव्हता. डावा हात सरळ खाली. उजवा हात कोपरातून वर केलेला, आम्ही शनिवारी करतो तसा. चेहरा किटलीच्या वळणावर गेला होता, तिथे त्याची दोऱ्याएवढी रेघ उरली होती. वर केलेल्या हाताची बाही दोनदा दुमडलेली होती.

मी माझी बाही बघितली. बाही दोनदा दुमडणारे पुष्कळ असतात.

घरी गेलो. ही खिडकीत बसून कॅमेऱ्याची काच पुसत होती.

"किटलीचा फोटो कधी काढलास?"

"पेटी उघडलीत वाटतं? आज शुक्रवार आहे."

"कधी काढलास ते सांग."

"मंगळवारी. साडेदहा झाले असतील."

"तेव्हा स्वयंपाकघरात कोणी आलं होतं?"

"तुम्ही."

मंगळवारी साडेदहाला मी बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होतो. खुर्ची आठवते, वर्तमानपत्र आठवतं. काय वाचलं ते आठवत नाही, पण ते कुठल्याच दिवशीचं आठवत नाही.

"मी आलो नव्हतो."

"दारात येऊन उभे होतात की. मी म्हटलं, चहा होतोय. बोलला नाहीत काही."

"मागे वळून बघितलंस?"

"तुमच्याकडे काय वळून बघायचंय?" ती म्हणाली. "चाळीस वर्षं बघतेय."

तिने काच उजेडात धरली, फुंकर मारली, पुन्हा पुसली. पुढच्या आठवड्यात याच खोलीत बसून ही एखाद्या तिऱ्हाइताला, 'हे कोणाबरोबर आलेत हो, स्वभावाने बरे वाटतात' असं विचारेल, हे चित्र मला इतकं स्पष्ट दिसलं की मी तिच्याशी त्या दिवशी काहीतरी कारण काढून भांडलो. ती नेहमीसारखी भांडली. बरं वाटलं.

६

शनिवारी सहाही फोटो मी फलकावर टाचले. टेलरमास्तर आले होते, बाईही आल्या होत्या. दोघंही पाहुण्यांसारखे खुर्चीच्या कडेवर बसले. चर्चा अशी झालीच नाही. डॉक्टर एकटेच बोलत होते, आणि बोलणं थांबलं की काय होईल याची त्यांनाही भीती वाटत असावी.

बाईंच्या टेकडीच्या फोटोला मालक मिळाला नाही. मास्तरांच्या पडद्याच्या फोटोलाही मिळाला नाही. मग मी पट्टी हिच्या पाठीवर ठेवली. फोटोतल्या.

"कोणाचा?" मी विचारलं, आणि मीच हात वर केला.

"अरे चोरा!" डॉक्टर ओरडले. त्यांना इतकं हायसं वाटलं की ते उभेच राहिले. "म्हणजे हे सगळं तुम्ही! चिटणीस, पोटात किती ठेवता हो? थांबा, आता प्रश्न मी विचारणार. कुठे उभे होतात?"

काय सांगायचं ते मी रात्रभर जुळवून ठेवलं होतं. ते तोंडात आलंच नाही.

"दाराच्या आत," मी म्हणालो. "डावा पाय तडकलेल्या फरशीवर. ती फरशी ओली होती."

घरात मी पायात सपाता घालतो. ओली फरशी मला तळव्याला लागली होती. थंड, आणि तड्याची धार अंगठ्याखाली.

"किती वाजले होते?"

"दहा पस्तीस. किटलीचं झाकण वाजायला लागलं होतं."

"समोरच्याला माहीत होतं का?"

मी काही बोलायच्या आत ही म्हणाली, "होतं."

डॉक्टर हसले, मी सही केली. मग मी पट्टी किटलीवर ठेवली आणि विचारलं. हिने तिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात वर केला. 'अर्थात माझा' अशा तोऱ्यात. त्या तोऱ्याबद्दल मी तिला चाळीस वर्षं टोमणे मारत आलो आहे. त्या दिवशी फक्त रकाने भरले.

फलकावर शेवटी एक फोटो उरला. वाचनालयाच्या खिडकीवरची पाकोळी, पंखांवरची पावडर उडालेली, साधाच. तो माझा होता.

"हा कोणाचा?" डॉक्टरांनी विचारलं.

एका सभासदाचा एकच फोटो. माझा हात एकदा वर गेला होता. मी नोंदवहीकडे बघत राहिलो. सही सहाव्या ओळीत पडली होती, आणि पाचवी ओळ, जिथे सात वर्षं माझं नाव लागत होतं, ती आयुष्यात पहिल्यांदा मी मोकळी ठेवली.

७

सोमवारी मी रीतसर अर्ज केला. 'मा. अध्यक्ष यांस : सभासद क्रमांक सहा ही नोंद चिटणीसाने अधिकाराबाहेर जाऊन केलेली असल्याने ती रद्द करावी, व अर्जदारास क्रमांक पाचवर पूर्ववत घ्यावे.' दोन प्रती. डॉक्टरांनी दवाखान्यात, एका रुग्णाच्या तोंडात कापूस भरून ठेवून, तो वाचला.

"अहो, फोटो तुमचा, सही तुमची. आता नोंद रद्द कशाला?"

"तत्त्वाचा प्रश्न आहे."

"तुमच्या तत्त्वांना आधी भूल द्यायला पाहिजे." त्यांनी माझ्या प्रतीवर पोच म्हणून सही केली. "शनिवारी ठेवतो सभेपुढे. तोवर प्रलंबित."

शनिवारी पेटीत सहा फोटो होते. जास्तीच्या फोटोत दवाखान्याची खिडकी होती, तीत वाकून कबुतरांचा फोटो काढणारे पाठमोरे डॉक्टर. अंतर हातभर. कानावरचे केस दिसत होते.

डॉक्टरांना तो फारच आवडला. "हा बघा, आमच्याही मागे लागले! काल किती वाजता आलात? मला कळलंसुद्धा नाही. अहो बोला ना, चिटणीस. कोणाचा?"

मला माहीत होतं. कुठे उभं राहून काढला ते माहीत होतं : खुर्चीच्या पायदाणीला टाच टेकवून, लवंगेच्या तेलाच्या वासात. किती वाजले होते ते माहीत होतं. फक्त हात वर करायचा होता.

पण अर्ज सभेपुढे यायचा होता. सहाव्या क्रमांकावरून पुन्हा हात वर केला, तर अर्जदाराने स्वतःच्या कृतीने ते सभासदत्व मान्य केलं असा अर्थ होतो. अर्ज तिथेच निकाली निघतो. असे कितीतरी अर्ज मी स्वतः याच मुद्द्यावर फेटाळलेले आहेत. आणि एकदा मान्य केलं, की दर शनिवारी हात वर, दर शनिवारी तळव्याला कुठली तरी फरशी.

टेबलाखालून हिने माझ्या पायाला पाय लावला. मग जोरात लावला.

"चिटणीस?" डॉक्टर अजून हसत होते.

"माझा नाही," मी म्हणालो.

वाक्य तोंडातून अगदी अदबीने गेलं. टेलरमास्तरांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, ओळखीचं काही ऐकल्यासारखं.

वेळ संपली होती. अर्ज पुढच्या सभेवर ढकलला गेला.

"तुम्हाला ठाऊक होतं," घरी जाताना दोन चौक ओलांडल्यावर ही म्हणाली.

"अर्ज टिकायला हवा ना."

"माझ्या वेळी केलात हात वर."

"ती गोष्ट वेगळी."

"ते डॉक्टरांच्या घरी जाऊन सांगा," ती म्हणाली, आणि पुढे चालायला लागली. स्वेटरचं लेबल बाहेर आलं होतं. मी सांगितलं नाही. तिच्या मागे, दोन हातांवर, चालत राहिलो. मग ते अंतर लक्षात आलं आणि घाईने तिच्या बरोबरीला गेलो.

८

मंगळवारी सकाळी अर्जाची चौकशी करायला दवाखान्यात गेलो. बाहेरच्या खोलीत चार रुग्ण बाकावर बसले होते. पाचवे डॉक्टर. अंगात पांढरा कोट नव्हता. गुडघ्यावर जुनं मासिक उघडं होतं. आतल्या खोलीचं दार सताड उघडं होतं, खुर्ची रिकामी, तिच्यावरचा दिवा चालू. दाराशी त्यांच्या बायको उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला सगळं माहीत असणार याबद्दल त्यांना शंका नव्हती.

"या, बसा," डॉक्टर सरकून जागा देत म्हणाले. "तुमचाही दात? आतले डॉक्टर आलेले नाहीत अजून. पण चांगले आहेत म्हणतात."

मी खिशातून अर्जाची माझी प्रत काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा लावला आणि तो पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खालची पोचेची सही त्यांनी बोट ठेवून बघितली.

"मुद्दे व्यवस्थित मांडलेत," ते म्हणाले. "मागणीही रास्त वाटते. पण हा अध्यक्षांना आहे. कोण आहेत अध्यक्ष?"

आतल्या खोलीत त्यांच्या बायकोने दिवा बंद केला.

"विचारून बघा कुणाला तरी," डॉक्टरांनी कागद घडीवर घडी घालून मला परत दिला. "असं ताटकळत ठेवणं बरं नाही माणसाला."

नियमाप्रमाणे नोंद रद्द करायचा अधिकार फक्त अध्यक्षांना आहे. नवा अध्यक्ष नेमायला किमान तीन सभासदांचे हात वर व्हावे लागतात. मी मोजून पाहिलं, दोनच भरतात. आज शुक्रवार. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे आणि पेटी मी उघडलेली नाही. ही सकाळीच आपला फोटो टाकून आली. कशाचा ते सांगितलं नाही. मी अजून काही टाकलेलं नाही.

अर्जावर निर्णय झालेला नाही. अर्ज प्रलंबित आहे.